वळणावर माझा फ्लेक्स लावू नये

मी, रुपाली राजेंद्र ओव्हाळ, वय सत्तेचाळीस, काम भातशेती आणि शिवणकाम, राहणार मळवलीजवळची ओढ्याकाठची वस्ती, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने आणि हाताने लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना काळजी वाटत नाही. मलाही मरायची घाई नाही. पण भूल देण्याआधी काही गोष्टी पक्क्या झालेल्या बऱ्या.

कलम एक. राहतं घर, शिलाई मशीन आणि बँकेतली शिल्लक माझी पुतणी तेजल जानू ओव्हाळ हिला मिळावी. मला मूल नाही, तेजल आहे. मशीनचा पट्टा सैल झालाय, तो बदलून घ्यावा.

कलम दोन. वाटणीत माझ्या नावावर आलेलं रस्त्याकडेचं भातखाचर, हेही तेजललाच. मात्र याला एक अट आहे, आणि खरं सांगायचं तर हे मृत्युपत्र त्या अटीसाठीच लिहिलं आहे. खाचराच्या बांधावर मी उभा केलेला पत्र्याचा फलक तिने कायम उभा ठेवावा. पिवळा रंग, काळा बाण, खाली ‘पुढे धोक्याचे वळण’. पावसाळ्यात त्यावर वेल चढतात, ते कापावेत. दिवाळीला घर रंगवलं नाही तरी चालेल, फलक रंगवावा.

सरकारी फलक तिथे आधीपासून आहे. पण वळणावर येणाऱ्या प्रत्येकाची नजर त्याच खांबाकडे जाते, म्हणून ज्याचा वाढदिवस असेल तो आपला फ्लेक्स तिथेच बांधतो. मी तक्रार केली. एक कार्यालय म्हणालं, रस्ता आमचा पण फलक त्यांचा. दुसरं म्हणालं, फलक आमचा पण हद्द त्यांची. तिथले साहेब समजुतीने म्हणाले, “ताई, परवा भाऊंचा वाढदिवस आहे. झाला की निघेल.” तो निघाला आणि दुसऱ्या भाऊंचा लागला.

त्याच सुमारास राजेंद्र, माझे पती, मळवली स्टेशनवर उतरून कडेकडेने पायी घरी येत होते. लोणावळ्याला फिरायला निघालेली गाडी वळलीच नाही, सरळ बांधावर आली. गाडी चालवणारा मुलगा माझ्यासमोर रडत म्हणाला, “काकू, बाण दिसलाच नाही.” त्याच्यावर माझा राग नाही, अशी नोंद इथे करते. बाण खरंच दिसत नव्हता. तो हार्दिक शुभेच्छांच्या मागे होता.

कलम तीन. माझे दीर जानूभाऊजी यांच्याविषयी. राजेंद्र गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी राजेंद्रचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स करून आणला आणि त्याच खांबाला, त्याच बाणावर बांधला. भाऊ गेला तिथेच तो सगळ्यांना दिसावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी शिडी लावून तो उतरवू लागले. भाऊजी खाली उभे होते. म्हणाले, “वैनी, नवरा व्हता तुमचा. कुणी परका न्हवता.”

मी म्हणाले, “म्हणूनच. शिडी धरा.”

ते निघून गेले. शिडी तेजलने धरली. तेव्हापासून भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत, आणि मी तो फ्लेक्स फाडला असं वस्तीत सांगतात.

मी तो फाडलेला नाही. घडी घातली असती तर चेहऱ्यावर चीर पडली असती, म्हणून गुंडाळी करून माझ्या पलंगाखाली ठेवला आहे. तो भाऊजींना द्यावा. घरात, भिंतीवर लावावा. तिथे राजेंद्रमुळे कोणाचीही वाट अडणार नाही.

कलम चार. माझा फलक अनधिकृत असल्याची नोटीस मला आलेली आहे. साहेब स्वतः बघायला आले, तेव्हा मी विचारलं, “तुमचा अधिकृत कुठाय?” त्यांनी मागे वळून पाहिलं. खांबावर कोणीतरी भाऊ हात जोडून हसत होते. फलक काढणार नाही, असं मी लेखी कळवलं आहे. माझ्या मरणाने त्यांची नोटीस रद्द होणार नसेल, तर माझं उत्तरही रद्द होत नाही. मागे बंगला बांधून त्याच्या फाटकासाठी शहरातल्या कोणी बांध मागितला, तरी तेजलने देऊ नये. तिच्या वडिलांनी गळ घातली तरीही.

मी उतरवलेले बाकीचे फ्लेक्स पेंढ्यावर आणि शेजारच्या शालूबाईंच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आहेत. ज्यांना परत हवे असतील त्यांनी शेळ्यांना विचारून न्यावेत.

कलम पाच. माझं काही बरंवाईट झालं तर बुद्धवंदना व्हावी आणि सगळ्यांनी जेवून जावं. भाऊजी मुळात मायाळू आहेत, अबोला विसरून माझाही फ्लेक्स करून आणतील. आणू देत. पण तो त्या वळणावर लावू नये. लावलाच, तर तेजलने शिडी घ्यावी, दोऱ्या कापाव्यात आणि मला पेंढ्यावर पसरावं, तोंड वर करून. पाऊस माझ्यावर पडू दे. पेंढा कोरडा राहील, आणि बाण दिसेल.

वर लिहिलेलं सर्व साक्षीदारांना वाचून दाखवलं. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

सही: रुपाली राजेंद्र ओव्हाळ

साक्षीदार १: शालूबाई केदारी, शेजारीण. डाव्या हाताचा अंगठा. (कलम पाच ऐकून म्हणाल्या, “माज्या गोठ्यावर टाकत्ये तुला. शेळ्यास्नी सोबत व्हईल.”)

साक्षीदार २: सोपान येवले, फ्लेक्स छपाई, कामशेत. (“वैनी, माज्याच धंद्यावर आलात की,” असं म्हणून सही केली.)

ठिकाण: ओढ्याकाठची वस्ती, वळणाच्या अलीकडे
दिनांक: २३ मे २०२५