तलासरीमार्गे गुलमर्ग

३ नोव्हेंबर
आजपासून ट्रेनिंग. मी, जतीन राऊत, राहणार आशागड, फ्रीराइड स्कीअर. फ्रीराइडमध्ये आखलेला रस्ता नसतो. बर्फाच्या डोंगरमाथ्यावर उभं राहायचं, आपली लाइन आपण निवडायची आणि सुसाट खाली. मी अजून बर्फावर गेलेलो नाही. बर्फ पाहिलाय तो धाकटी डहाणूला, बोंबलांवर टाकलेला. त्याने काही बिघडत नाही. व्हिडिओ बघून बघून डोंगर अंगात भिनलाय.

जेवताना पप्पांशी करार झाला. जानेवारीत गुलमर्गला नवोदितांची स्पर्धा आहे, व्हिडिओवरून निवड. निवड झाली तर अख्खा हिवाळा माझा. नाही झाली तर एक डिसेंबरपासून चिकूच्या वाडीत कामाला. पप्पा लगेच हो म्हणाले, हसलेसुद्धा नाहीत. बाप असावा तर असा.

४ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
पाचला उठून पळणार होतो. पण रिकव्हरी हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग आहे.

८ नोव्हेंबर
स्की आल्या. सेकंडहँड, पण इटालियन. डोंगराचाही प्रश्न सुटला. कॉलेजातला मित्र मुकेश तलासरीकडचा, त्याच्या घरामागेच डोंगर आहे. त्यावर कमरेएवढं सुकलेलं गवत. सुकलेलं गवत म्हणजे जवळपास बर्फच, सरकन घसरतं. मुकेश म्हणाला, ये, पण गवत व्यापाऱ्याला विकायचंय, कडेकडेने घसर. त्याला समजावलं की फ्रीराइडमध्ये कडेकडेने असं काही नसतं. तो म्हणाला, मग येऊ नको. कडेची लाइन जास्त टेक्निकल आहे, तीच घेणार.

९ नोव्हेंबर
एसटीत कंडक्टरने खांद्यावरच्या स्की बघून विचारलं, घराला पीओपी करताय का. दुर्लक्ष केलं.

माथ्यावर पोचलो. वाऱ्याची दिशा चुकीची निघाली. रन रद्द. उतरताना मुकेशचा हात धरला, कारण स्कीचे बूट चालायला कडक असतात.

१६ नोव्हेंबर
आज वारा बरोबर, प्रकाश चुकीचा. मुकेशने विचारलं, कुठला प्रकाश लागतो ते सांग, तेव्हाच बोलावतो, घरी भाताची झोडणी खोळंबलीय. या खेळातलं त्याला काही कळत नाही. वरून पार समुद्र दिसतो म्हणाला. मी बघितला नाही. अ‍ॅथलीटने नजर लाइनवरून हलवू नये.

२० नोव्हेंबर
स्कीच्या तळाला वॅक्स लागतं. बाहेरून कशाला मागवायचं? आपल्या वाडीत चिकू उतरवले की देठातून पांढरा चीक गळतो, फुकट जातो. तो गोळा करून दोन्ही स्कींना तीन हात दिले. शंभर टक्के ऑरगॅनिक. परदेशातल्या लोकांना हे कसं सुचलं नाही कोण जाणे. मयुरा म्हणाली, दादा, चीक चिकट असतो, हातावरचा जाता जात नाही. धाकट्या बहिणीने एवढं मनावर घेऊ नये. ती कॉमर्सला आहे.

२३ नोव्हेंबर
फायनल शूट. मयुरा पायथ्याला मोबाइल घेऊन, मी आणि मुकेश माथ्यावर. जोर लावला. हललो नाही. परत लावला. मुकेशने वाकून बघितलं, तर अर्ध्या डोंगराचं गवत स्कींना चिकटलेलं. केरसुण्या झाल्या होत्या. मी शांतपणे जाहीर केलं की इक्विपमेंट फेल, आजचा दिवस संपला. तसं मनाला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मुकेशने कोयत्याने स्की खरवडल्या, वर खोबरेल चोळलं. त्याला कोणी सांगितलं होतं? स्की लखलखायला लागल्या. मयुरा खालून ओरडली, चल दादा. मी वारा तपासला, मग प्रकाश. दोन्ही बरोबर निघाले.

शेवटी बसून उतरलो. डोळे मिटून, फोकससाठी. एका हातात मुकेशचा शर्ट, स्की त्याच्या खांद्यावर. मयुराने सगळं शूट केलं आणि विचारलं, हे खरंच पाठवू? म्हटलं, पाठव. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग एक लाइन, एकदाही न पडता. बसलेला माणूस पडत नाही, ती गोष्ट वेगळी.

२९ नोव्हेंबर
गुलमर्गहून मेल आला. सहभागाबद्दल आभार. स्कीइंग सुरू केल्यावर परत जरूर संपर्क साधावा, म्हणतात. 'सुरू केल्यावर' हे फार लागलं. दुपारी जेवलो नाही. मयुराने भाकरी झाकून ठेवली.

पप्पांनी मेल वाचला. याही वेळी हसले नाहीत.

१ डिसेंबर
वाडीत पहिला दिवस. शिडी झाडाला लावली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तर पप्पा म्हणाले, तू नको, तू खालीच थांब. मी म्हटलं, का? मी डोंगरातला माणूस आहे. तर म्हणाले, आठ वर्षांचा होतास तेव्हा महालक्ष्मीच्या गडावरून तुला पाठुंगळीला घेऊन उतरवलं मी. डोळे मिटून माझी कॉलर ओढत होतास, गळा आवळला होतास माझा. म्हणून तर लगेच हो म्हणालो. म्हटलं, या निमित्ताने भीती गेली तर जाऊ दे. गुलमर्गला गेला असतास तर पेढे वाटले असते.

पप्पा स्वतःच चढले. या वयात, पायात स्लीपर. मी खालून शिडी धरली आणि सांगितलं की वजन पुढच्या पायावर घ्या, खाली बघू नका. ते म्हणाले, शिडी हलवू नकोस.

मी हलवत नव्हतो. डोळे मिटून घट्ट धरली होती, एवढंच.