बटण की मुकादम

ता. ९ मार्च, रविवार
घरून

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते: कुणाला काही झालेलं नाही. आईचा गुडघा तसाच आहे, बाबांचं दुकान चालू आहे, आणि मी शाळेत कायम झाले. आठवीला विज्ञान शिकवते. मुलं माझ्या माघारी मला 'छडी' म्हणतात. हातात छडी असते म्हणून नाही, मी तशी दिसते म्हणून. हे ऐकून तू हसणार, तर हसून घे आणि मग बसून वाच. पत्र लांब आहे.

बातमी अशी की आपल्या घरात कुत्रा आला.

झालं असं, जानेवारीत दुकानातून तीन वेळा वस्तू गेल्या. आधी एका गिऱ्हाइकाची कात्री, मग पितळी कुलूप, शेवटी बाबांचं ड्रिल मशीन. तेही भर दिवसा, बाबा आत बसलेले असताना. धार लावताना ते दाराकडे पाठ करून बसतात, ते तुला माहीतच आहे. मी म्हटलं, कुत्रा ठेवू या. आई लगेच म्हणाली, "ठेवू या की. पण मांडीवर मावेल असा." मला राग आला. चोर अडवायचा आणि मांडीवर बसवायचा, हे एकाच जनावराला कसं जमेल?

गावाबाहेर एक बाई कुत्री सांभाळतात. कामावरून निवृत्त झालेली मोठी कुत्री आणि लोकांनी हौस फिटल्यावर सोडून दिलेली छोटी, अशी दोन्ही त्यांच्याकडे असतात. योग्य घर पाहून त्या ती देतात. त्यांच्याकडे तेव्हा दोनच द्यायची होती. एक बटण. खरंच शर्टाच्या खिशातून डोकं काढून बघेल एवढीशी कुत्री, पांढरी, कान तिच्या अंगापेक्षा मोठे. दुसरा मुकादम. नऊ वर्षांचा, काळा, लाकडाच्या वखारीवर आयुष्यभर राखण केलेला, उभा राहिला की माझ्या कमरेला लागतो.

दादा, मी काय केलं असेल? मी तक्ता केला. घरातली पहिली पदवीधर ना मी. डावीकडे बटण, उजवीकडे मुकादम, खाली खाणं, जागा, आयुर्मान, उपयोग. 'उपयोग' या रकान्यात बटणाला शून्य दिलं आणि आईसमोर ठेवलं. वर भाषणही दिलं, की जो प्राणी जन्मभर राबला त्याला म्हातारपणी घर देणं हे आपलं कर्तव्य आहे, आपण स्वतः राबणारी माणसं आहोत वगैरे. आईने तक्ता वाचला आणि त्यावर लसूण सोलायला घेतला. म्हणाली, "तुझं भाषण चांगलं झालं. मला बटण हवी."

"पण का?"

"ती माणसाच्या पायाला लागून बसते."

मला वाटलं, आईला खेळणं हवंय. वाईट वाटलं तिच्याबद्दल. त्या वाटण्याची आता लाज वाटते, पण क्रमाने सांगते.

गेल्या रविवारी आम्ही तिघं त्या बाईंकडे गेलो. त्यांची एक पद्धत आहे. कुत्रा देण्याआधी त्या सगळ्या घराला एका मोकळ्या खोलीत तासभर बसवतात. म्हणाल्या, "कुत्र्यांना मी वर्षभर पाहिलंय. आज तुमची परीक्षा." आम्ही खुर्च्यांवर बसलो. बटण आईच्या चपलेवर येऊन बसली. मुकादम भिंतीशी आडवा झाला आणि आम्हा तिघांकडे असा बघू लागला, की आम्हीच कामावर उशिरा आलोय.

बाबा म्हणाले, "आयुष्यभर मुकादमाच्या हाताखाली होतो. आता एक माझ्या हाताखाली असू दे."

बाई हसल्या, बोलत बोलत आमच्या मागे गेल्या आणि त्यांनी अचानक पत्र्याचं मोठं ताट फरशीवर सोडलं. मी किंचाळले. आई अर्धी उठली. बटण खुर्चीखाली. मुकादमाने नुसती मान वळवली. बाबा मात्र मुकादमाकडे बघत तसेच शांत बसलेले. असं त्या मुद्दाम करतात, दचकल्यावर माणूस जनावरावर ओरडतो की काय ते बघायला. त्यांनी वहीत लिहिलं, 'वडील अत्यंत स्थिर.' मला काय अभिमान वाटला दादा. मी आईला कोपराने ढोसलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग त्या बाईंच्याच मनात काहीतरी आलं असावं. त्यांनी पुन्हा ताट टाकलं, अगदी बाबांच्या खुर्चीमागे. बाबा तसेच. त्या फिरून समोर आल्या, वही तोंडासमोर धरली आणि विचारलं, "तुम्हाला कोणता आवडला?" बाबा नुसते बघत राहिले. त्यांनी वही खाली केली आणि तेच विचारलं. बाबा लगेच म्हणाले, "मोठा."

 बाबांना कळलं की आम्हाला कळलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी नाही सांगितलं."

"नाहीच सांगितलंस," बाबा म्हणाले. "कुत्र्याच्या मास्तरणीने पकडलं."

कारखाना सोडायच्या तीन वर्षं आधीपासून बाबांचे कान गेलेत, दादा. बावीस वर्षं ते प्रेस मशीनवर होते, डब्यांची झाकणं कापायच्या खात्यात, तेव्हा कानाला बोळा लावायचीही पद्धत नव्हती. आधी पातळ आवाज गेले. पाखरं, मग कुकरची शिट्टी, मग बायकांची बोलणी, मग सगळ्यांचीच. कळलं असतं तर त्यांना मशीनवरून काढलं असतं, आणि तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. म्हणून ते ओठ वाचायला शिकले. कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत लांबच्या बाकावरच्या लोकांकडे बघून बघून शिकले. दुकान काढल्यावर मशीनवर आरसा टांगला, तो दार दिसावं म्हणून, पण धार लावताना नजर पात्यावरून हलवता येत नाही. आपण त्याला 'बाबांचा मेकअप' म्हणायचो. आणि आईची ती सवय आठवते? कुणी काही बोललं की बाबांकडे तोंड करून पुन्हा म्हणायची, "काय म्हणताय, दोन किल्ल्या करायच्यात?" तू तिला 'घरचा रेडिओ' म्हणायचास. ती त्यांना ऐकवत होती. इतकी वर्षं, रोज, एकदाही न कंटाळता, आणि आपल्या दोघांची चेष्टा सहन करत.

मी आठवीला ध्वनीचं प्रकरण शिकवते. कंपन, वारंवारिता, कानाचा पडदा, फळ्यावर आकृती काढून. आणि घरात माझं लक्ष नाही. मी पास झाले ते दारातून ओरडून सांगितलं होतं, बाबा मशीनवरून वळलेही नव्हते. दोन दिवस मी त्यांच्याशी तुटक बोलले. नंतर गुणपत्रिका त्यांच्या हातात आली, तर ती घेऊन ते गल्लीतल्या प्रत्येक दुकानात गेले. तेव्हा मी म्हटलं होतं, उशिरा सुचलं. उशिरा सुचलं कुणाला, ते आता समजतंय.

असो. कुत्र्याचं सांगते. बाईंनी सरळ सांगितलं, की असं असेल तर बटण न्या. कुणी दुकानात आलं की बाबांच्या पायाला पंजा लावायचा, एवढं ती दोन महिन्यांत शिकेल.  आईच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून हेच होतं. कुणाला न सांगण्याचा बाबांना दिलेला शब्द मोडायचा नाही आणि बाबांची सोयही व्हायला हवी, म्हणून ती मांडीवरच्या कुत्र्याचा हट्ट धरून माझं भाषण ऐकत बसली होती. माझ्या तक्त्यात 'उपयोग, शून्य.'

मीही म्हटलं, बटणच नेऊ या.

बाबांनी बटणाला उचलून घेतलं. ती त्यांच्या तोंडावर भुंकली, टिक टिक टिक. बाबा तिच्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "बोलते छान. पण मला नुसती दिसते." तिला आईकडे देऊन ते मुकादमाशेजारी फरशीवर बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात बाहेर कुठलातरी टेम्पो मागे येऊ लागला, आणि मुकादम एकदाच भुंकला. खिडकीची काच हलली.

बाबांनी मान वर केली. म्हणाले, "हा ऐकू आला."

आई म्हणाली, "हाताला लागला असेल."

"मग परत भुंकव त्याला." त्यांनी हात काढून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून बसले. बाईंनी इशारा केला. मुकादम पुन्हा भुंकला, खोल, पोटातून. बाबा वळले. चुकीच्या बाजूला वळले, पण वळले.

बाईंनी समजावलं, की कारखान्याच्या आवाजाने बारीक स्वर आधी जातात, जाड स्वर थोडेफार उरतात. हे मला माहीत होतं रे, पुस्तकात आहे. बाबांनी ते ऐकलंच नाही, ते मुकादमाकडे बघत होते. आईने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

बाईंनी बजावलं की कुत्रा म्हातारा आहे, फार तर तीन-चार वर्षं. खायला खूप लागेल, गिऱ्हाइकं बिचकतील, रोज तासभर फिरवावं लागेल. बाबांनी त्यांच्या ओठांकडे बघून शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मला कुणीतरी हाक मारायला हवं. हा मारेल."

आईने बटण परत बाईंच्या हातात दिली. इतक्या दिवसांचा हट्ट तिने एका क्षणात सोडला. येताना मला म्हणाली, "मी त्यांना ऐकू येत नाही त्याचाच विचार करत होते. काय येतं ते कधी विचारलंच नाही." बटण परवा एका निवृत्त परिचारिकेकडे गेली. दोघी सुखात आहेत म्हणे.

मुकादम आता काउंटरखाली पडून असतो. उंबऱ्यावर पाऊल पडलं की एकदा भुंकतो, एकदाच, उगाच बडबड नाही. बाबा मशीन थांबवून वळतात. कोपऱ्यावरची शिंपीण काल कात्री घेऊन आली होती. म्हणाली, "काका, कुत्रा आला आणि तुम्ही माणसात आलात." बाबा म्हणाले, "आधी ओळखीचं कुणी नव्हतं." ती हसली. आपल्या गिऱ्हाइकांना अजून माहीत नाही.

दादा, इथवर मी पळवाटेने आले. ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही.

तू गेलास त्या दिवशी आई मावशीकडे होती. पंधरा दिवस तू बंदरावरच्या नोकरीसाठी भांडत होतास. सकाळी तू बॅग घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिलास आणि बाबांच्या पाठीला म्हणालास, "मी चाललो. थांब म्हणालात तर थांबतो." मशीन चालू होतं. मी जिन्यावर होते. तू उभा राहिलास, ते वळले नाहीत, आणि तू गेलास. दुपारी बाबा वर आले आणि मला विचारलं, "तो कुठे दिसत नाही?" मला वाटलं, काय हे नाटक. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे," आणि उठून गेले. तुझी बाजू घेतली असं वाटलं होतं मला. तू काय म्हणालास ते मी त्यांना सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतर तीन वर्षांतही नाही. तू न सांगता गेलास, असं ते धरून बसले. त्यांनी ऐकून सोडून दिलं, असं तू धरून बसलास. मधे मी होते.

तू दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा त्यांनी काही न बोलता फोन आईकडे दिला. त्यावर तू मला काय लिहिलं होतंस ते मला पाठ आहे. फोनला ओठ नसतात, दादा.

काल दुपारी मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, सावकाश, तोंड न झाकता. मधेच मला रडू आलं, तर म्हणाले, "रडताना बोलू नकोस, कळत नाही." मग त्यांनी विचारलं, "तेव्हा मशीनवर काय होतं?"

मी म्हटलं, छापखान्याचं लांब पातं.

 मग म्हणाले, "त्याची एक बाजू झाली की मी उठतो. दुसरी बाजू लावायला उठावंच लागतं, तेव्हा तोंड दाराकडे होतं." आणि थोड्या वेळाने, "कोणती बाजू होती?"

ते मला सांगता आलं नाही.

मी माफी मागितली. म्हणाले, "त्याने जेवढं पाहिलं तेवढंच तू पाहिलंस. दाखवलं मीच चुकीचं." असा माणूस आपला बाप आहे, आणि मी फळ्यावर कान काढत बसले.

मी विचारलं, दादाला पत्र लिहिते, तुमच्याकडून काय लिहू? ते मुकादमाच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "त्याला लिही, मला ऐकू येत नाही."

बस, एवढंच. हे त्यांनी कारखान्यात सांगितलं नाही, शेजाऱ्यांना सांगितलं नाही, मलाही स्वतःहून सांगितलेलं नव्हतं. पहिल्यांदा कुणाला पाठवतायत, तर तुला.

फोन करू नकोस. रजा काढून ये. क्रेनवर बसतोस तर कानाला लावायचं जे काही देत असतील ते लावत जा, घाम येतो म्हणून काढू नकोस. आणि तुझ्या फोटोत मिशी दिसली, वरच्या ओठावर पार लोंबते. ती ओठ दिसतील एवढी कापून ये. त्यांना तुझं बोलणं वाचायचं आहे.

तेव्हा जिन्यावर गप्प राहिलेली,
तुझी धाकटी