एक मेगासेकंद

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसलोय. दुकान उघडंच आहे, गिऱ्हाईक नाही. जव्हारच्या बाजारात मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचं हे दुकान दुसऱ्याचं आहे, मी नुसता चालवतो. तुमच्या वेळी इथे कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता. सकाळी दाभोशाचे एक काका काउंटरवर कोपर टेकून विचारत होते, "दादा, एक जीबीत किती गाणी मावतील रं?" म्हटलं, "लग्न लागून पाहुणे घरी जातील, तरी संपायची नाहीत." "मंग तारप्याच्या नाचाची पण भर." त्या जीबीतला गिगा हा शब्द तुम्ही फळ्यावर लिहिला तेव्हा सगळा वर्ग हसला होता. आता तो भाजीच्या भावासारखा बाजारात बोलला जातो, आणि हे सांगावं असं माझ्याकडे कुणी नाही.

नववीचा वर्ग आहे. पुस्तकातला तक्ता गिगाशी संपतो आणि तुम्ही फळ्याच्या कडेपर्यंत लिहीत जाता, टेरा, पेटा, एक्सा, झेटा, योटा. दर पायरीला हजारपट. "शेवटची दोन नावं तर तुम्ही पहिलीत होता तेव्हा ठरली." एवढी शून्यं आमच्या डोक्यात शिरेनात, म्हणून तुम्ही सेकंद घेता. हजार सेकंदांचा किलोसेकंद, सतरा मिनिटांना थोडा कमी. दहा लाखांचा मेगासेकंद, साडेअकरा दिवसांहून जरा जास्त. गिगासेकंद जवळजवळ बत्तीस वर्षांचा. "माझा एक झाला, दुसरा चालू आहे. माणसाला दोन मिळाले तरी पुष्कळ." टेरासेकंद म्हणजे बत्तीसेक हजार वर्षं, हे ऐकून पहिल्या बाकावरची ती विचारते, "सर, तेव्हा जव्हार होतं?" तुम्ही म्हणता, "डोंगर होते. एसटीची वाट तेव्हाही बघत होते." ती तोंडावर वही धरून हसते. माझं जे काही झालं ते तिथेच झालं.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत एक जण मला म्हणाला, "वावरचा ना तू? जेवून आलास की तसाच?" आमच्या वावर गावची पोरं काही वर्षांपूर्वी उपाशी मेली होती, पेपरात फोटो आले होते, आणि तेव्हापासून गावाचं नाव शिवीसारखं झालं होतं. मी त्याला कंपासपेटीने मारलं. तुम्ही छडी घेतली नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलंत. "व्हरांड्यात एक किलोसेकंद बस. नंतरही मारावंसं वाटलं तर ये, मी धरतो त्याला." मी काटा बघत बसलो. अर्ध्या वाटेवर रडू आलं. तुम्ही येऊन शेजारी बसलात, डबा उघडलात आणि भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे सरकवलीत.

दहावीच्या सुट्टीत तुम्ही तापाने गेलात. मी तेव्हा बाबांबरोबर भिवंडीला कामावर होतो. परत आलो तर तुमच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड, दोरीवर लहान मुलाचे कपडे. पुढे नाशिकला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत एकाने माझ्या बोलण्याची नक्कल केली, सगळे हसले, शिकवणारेही हसले. ॲप्रन टेबलावर फेकून जी एसटी पकडली ती पकडली. तिथे मला कुणी व्हरांड्यात बसवलं नाही.

पहिल्या बाकावरची ती आता मोखाड्याकडे आश्रमशाळेत शिकवते. एका शुक्रवारी इथल्या स्टँडवर भेटली. "मी हो म्हटलंय. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी साखरपुडा."

"कुणाला विचारून?"

"कॉलेज सोडताना तू मला विचारलंस? आणि ओरडू नको, माझ्या शाळेतल्या पोरी बघतायत."

तिची जीप सुटली. मी मोटारसायकलला किक मारली होती, मोखाड्याला तिच्या घरी जाऊन तमाशा करणारच होतो. मग तुमची आठवण झाली. गाडी बंद करून स्टँडच्या बाकावर किलोसेकंदभर बसलो. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून मेगासेकंद धरला. मध्ये तो रविवार आला. शटर अर्धं ओढून आत बसलो, बाहेर जीपवाला ओरडत होता, "मोखाडा, मोखाडा, एकच सीट!" ती सीट भरायला त्याला बराच वेळ लागला. मी उठलो नाही. बुधवार उजाडताना मेगासेकंद पुरा झाला, आणि तोवर ती दुसऱ्याची झाली होती. म्हणून भांडायला बसलो, की सर, तुमच्या मापाने माझं वाटोळं केलं.

पण हा कागद कुठे पोचायचा नाही, तर खरं लिहितो. राग बाकावरच उतरला होता, पहिल्या किलोसेकंदात. मेगासेकंद मी नंतर निवडला, त्यात तो रविवार बुडतो हे बोटांवर मोजून. शांत डोक्याने तिच्या दारात गेलो असतो तर तिने सगळ्यांसमोर विचारलं असतं, "बोल, काय म्हणायचंय तुला?" आणि ती नाही म्हणेल याची मला भीती वाटली. बाजारात सगळे अजून मला तापट समजतात. मी समजू देतो.