मसाल्याच्या भिंतीवर तीन गिटारी

१९ एप्रिल १९५५, मंगळ.

दुपारी हॉस्पिटलात. जोकीमचं हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलं, ताप नाही, पेज पोटात राहते. देवाचे उपकार. पण डॉक्टरांनी लगेच दुसरं सांगितलं. क्लॅरिनेट बंद. सहा महिने वगैरे नाही, कायमचं. एकदा शिवलेलं हे दुसऱ्यांदा शिवलंय, आता फुंकून फुंकून फाडलंत तर माझ्याकडे येऊ नका, म्हणाले. जो.ने सगळं ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

मी निघताना म्हणाला, "पास्कलला सांग, बाजाची खोली रिकामी करून घे. गिटारी पण ने म्हणावं."

गिटारी का? गिटार काय पोटाने वाजवतात? विचारलं. त्याने चादर तोंडावर ओढली.

अंधेरीपर्यंत बसमध्ये रडत आले. उतरल्यावर राग आला, तेव्हा बरं वाटलं.

२१ एप्रिल, गुरु.

पास्कलला निरोप दिला नाही. देणारही नाही. पास्कल म्हणजे जो.चा मावसभाऊ, बाजात ड्रम बडवतो, मनाने साधा आहे, ने म्हटलं तर खरंच हातगाडी घेऊन यायचा.

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागलीय, म्हणून खोली आवरायला घेतली. सासऱ्यांच्या वेळेपासून तिला सगळे बाजाची खोली म्हणतात, लग्नाच्या सुपाऱ्या आल्या की तालीम तिथेच. गिटारी तीन. जो.ची मोठी पलंगाखाली सापडली, शेजारी कोंबडीने अंडं घातलेलं. छोटी, जिच्यावर तो गावातल्या पोरांना शिकवतो, ती तांदळाच्या पिंपावर. आणि बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, कपाटामागे पोत्यात गुंडाळून उभी. बाबा गेले, ती राहिली. तिच्यात झुरळं. किती बाई हे हाल.

ठरवलं, तिन्ही भिंतीवर टांगायच्या. घरी आला की पहिली नजर तिथेच जाईल. डोळ्यांसमोर असलेली वस्तू माणूस सहज देऊन टाकत नाही.

भिंत कुठली? एकीवर देवाचा आल्तार आणि दिवा. एकीला दार आणि अंगणाच्या कोपऱ्यावर उघडणारी खिडकी. मधल्या भिंतीला कपाट आणि आमच्या लग्नाचा फोटो. उरली अंगणाकडची, सबंध मोकळी. एवढी चांगली भिंत इतकी वर्षं मोकळी का ठेवली, देव जाणे.

२४ एप्रिल, रवि.

चर्चमधल्या मिसाहून आल्यावर पास्कलने तीन खिळे ठोकले. माती-चुन्याची भिंत, खिळा लोण्यात गेल्यासारखा गेला. मी म्हटलं, ढिला नाही ना? तो म्हणाला, "वयनी, मी लटकतो हवं तर." लटकला नाही. गिटारींच्या गळ्यात सुतळी बांधून टांगल्या. लांबून झकास दिसतात.

सासू उंबऱ्यात उभी होती. बघितलं, पदराने तोंड पुसलं, आत गेली.

३० एप्रिल, शनि.

जो. घरी. टॅक्सीतून उतरून खोलीपर्यंत स्वतः चालला. वारा येतो म्हणून पलंग बाजाच्या खोलीतच घातलाय.

भिंत बघितली. मला वाटलं काहीतरी बोलेल. "उशी दे" म्हणाला. ही उशी झोपायची नव्हे. डॉक्टरांनी सांगितलंय, खोकला किंवा शिंक आली की उशी पोटावर दाबून धरायची, आतले टाके अजून कच्चे आहेत. तर उशी घेतली आणि भिंतीकडे पाठ केली.

असो. घरी आला. घरात त्याच्या चपला आहेत. आज एवढं पुरे.

२ मे, सोम.

जेवतो, औषध घेतो, पेपर वाचतो. बोलत नाही. सकाळी पाणी घेऊन गेले तर क्लॅरिनेटची पेटी मांडीवर. उघडली नव्हती. नुसता हात ठेवून बसलेला. मी पेटी उचलून कपाटाखाली सारली. ओरडेल वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पास्कल भेटायला आला, त्याच्यासमोर गिटारींचं नाव काढेल म्हणून जीव खालीवर. तेवढ्यात मी पास्कलला विहिरीवर पाणी भरायला पाठवलं. पाहुण्याला पाणी भरायला लावलं म्हणून सासू दिवसभर टोमणे मारतेय.

५ मे, गुरु.

अंगणात मिरच्या. सगळं अंगण लाल. सासू काठी घेऊन कोंबड्या हाकतेय. भागी आणि तिची जाऊ सोमवारी मसाला कांडायला येणार. मी म्हटलं, आय, यंदा पुढे ढकलू, जो.ला शिंका आल्या तर? सासू म्हणाली, भागीचे मे महिन्यातले सगळे दिवस गावाने वाटून घेतलेत, आपला गेला तर वर्षभर बाटलीत काय भरायचं, माती? मग दोघी अर्धा दिवस भांडी आपटत होतो. शेवटी ठरलं, भाजणं पास्कलच्या अंगणात, कांडणं आपल्याकडे, कारण उखळ आपलं, जमिनीत पुरलेलं, ते कुठे उचलून न्यायचं. खिडकीला ओली चादर लावायची.

जो.ला सांगितलं. "करा" म्हणाला.

९ मे, सोम.

आज लिहायलाच हवं.

सकाळी भागी आणि जाऊ आल्या, तोंडाला फडकी बांधून उभ्या राहिल्या, दोन मुसळं आळीपाळीने सुरू. धब, धब, धब. मी ओली चादर सारखी करायला बाजाच्या खोलीत गेले तर खोली गुणगुणत होती. खरंच. गिटारी, कोणी हात न लावता. प्रत्येक मुसळाला तारा झणझणत होत्या. उखळ बरोबर त्या भिंतीच्या पलीकडे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की ही भिंत इतकी वर्षं मोकळी का.

जो. पलंगावर बसलेला. डोळे मिटून. घरी आल्यापासून पहिल्यांदा धड वाक्य बोलला: "बाबांची सुरातून उतरलीय. चौथी तार. ऐकवत नाही गं ते."

मला काय करावं कळेना. गिटार काढू की बायकांना थांबवू? आणि शहाणी मी, खिडकीकडे धावले. चादर बाजूला केली, भागीला हाक मारली. मिरचीचा भपका आत आला. पाठीमागे काहीतरी खाली पडल्याचा आवाज.

वळून बघते तर पडला होता खिळा. आणि उशी. जो. भिंतीशी उभा, बाबांची गिटार गळ्याला एका हाताने, बुडाला दुसऱ्या हाताने धरलेली. पलंगावरून कसा उठला, कधी उठला, देवालाच ठाऊक. मी "टाके" एवढंच म्हणू शकले.

आणि त्याचं नाक सुरसुरलं. उशी जमिनीवर, मी चार हात लांब. त्याने गिटारच पोटाशी आवळली आणि शिंकला. एक, दोन, तीन. प्रत्येक शिंकेला गिटार आतून घुमली.

मग दोघं तसेच उभे. तो पोट चाचपतोय, मी त्याचं तोंड बघतेय. म्हणाला, "काही नाही झालं. उतरलीच आहे पण ही. पूर्ण उतरलीय." आणि हसला. हसताना दुखलं म्हणून पुन्हा गिटार दाबली.

मी खाली बसून रडले. भागी खिडकीतून विचारत होती, कांडू का नको?

१० मे, मंगळ.

डॉक्टरांना घरी बोलावलं. पोट तपासलं. सगळं जागच्या जागी. सुटले. डॉक्टरांनी जो.ला चांगलं फैलावर घेतलं, मी आत उभी राहून मन भरून ऐकलं.

रात्री सासूला विचारलं, आय, तुम्हाला ठाऊक होतं ना, बाबा या भिंतीला कधी काही लावायचे नाहीत ते? म्हणाली, "होतं. तू विचारलंस कुठे गो?"

 दहा हेल मेरी प्रार्थना म्हटल्या आणि झोपले.

१२ मे, गुरु.

जो. पलंगावरून हुकूम सोडतोय. तालमीत सोडायचा तसेच. कपाट हलवा. फोटो काढा. मधल्या भिंतीत लाकडी खांब आहेत, ठोकून बघा, भरीव वाजेल तिथे खांब. पास्कल बोटाने वाजवत भिंतभर फिरला. सापडले दोन. त्यांच्यावर आडवी सागाची फळी, स्क्रूने. मातीत काही म्हणजे काही ठोकायचं नाही.

आणि सुतळी बंद. फास लावल्यासारखी टांगलीत, म्हणाला. गळ्यावर भार येतो, सुतळी कधी तुटेल सांगता येत नाही. बेचकं हवं. लाकूडफाट्यात गेल्या वर्षी तोडलेल्या पेरूच्या फांद्या होत्या, त्यातली तीन बेचकी निवडली. गिटारीचा गळा मधून जाईल, डोकं अडकेल, एवढंच अंतर. एकेक हातात घेऊन, एक डोळा मिटून बघत होता. भात गार झाला तरी बघत होता.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर भानावर आला असता.

१३ मे, शुक्र.

बेचक्यांना आतून मऊ काय लावायचं? माझ्या जुन्या लुगड्याच्या जरीकाठाची पट्टी नको म्हणाला, लाकडाला चरे पडतील. गोणपाट तर नकोच.

सासू आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज. बाबांची काळी हॅट घेऊन आली, लग्नात बाजाच्या पुढे चालताना घालायचे ती. जो. म्हणाला, आय, नको. तिने ऐकलं नाही. आल्तारासमोर बसून स्वतःच्या हाताने कात्रीने कापली. तीन पट्ट्या, सारख्या. उरलेला तुकडा चोळीत ठेवला.

तिच्यावर इतके दिवस चिडले होते, ते आज गेलं. कोंबडी कापतानाही ती असं तोंड घट्ट मिटत नाही.

१५ मे, रवि.

काल रात्री एका बेचक्यावर वरवंटा टांगून ठेवला होता, जो.चा हट्ट. आज सकाळी वरवंटा जिथल्या तिथे. मग गिटारी लावल्या, खिडकीपासून लांब, दिव्यापासून लांब. तारा थोड्या सैल सोडल्या, म्हणजे गळ्यावर ताण नाही. मधे बाबांची.

पास्कल म्हणाला झालं, बाटली काढा. जो. म्हणाला, थांब. आईला अंगणात पाठवलं. सासूने रिकाम्या उखळात मुसळ आपटलं, या वयात, चांगलं दणादण. आम्ही तिघं फळीकडे कान लावून उभे. काही नाही. मुसळाचा आवाज तेवढा, गिटारी गप्प.

इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. सासू बाहेरून ओरडतेय, बस का अजून?

पण काढून वाजवली मात्र नाही एकही. टांगून झाल्या, पुन्हा पलंगावर आडवा झाला. पेटीकडे बघत होता, कपाट हलवल्यापासून ती उघड्यावर आहे.

२२ मे, रवि.

पास्कलच्या मुलीचं लग्न पुढच्या रविवारी. आदल्या दिवशी उंबराचं पाणी, बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जाणार, आणि आजवर त्या मिरवणुकीपुढे क्लॅरिनेट जो.चं. पास्कल आला, समोर बसला, टोपी हातात फिरवत. म्हणाला, "क्लॅरिनेटला वसईहून माणूस बोलावलाय. तू मांडवात बसून गिटार धर. मुलगी विचारते."

जो. म्हणाला, "ड्रमपुढे गिटार कोणाला ऐकू येणार?"

पास्कल म्हणाला, "मला येईल की."

जो. नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

२६ मे, गुरु.

बाजारातून परत येताना खिडकीतून पाहिलं. बाबांची पलंगावर, जो. खुंट्या पिळतोय. पोट आणि गिटार यांच्यामध्ये उशी. मी दारात खोकले आणि मगच आत गेले, तोवर गिटार परत बेचक्यात.  मासे ताजे मिळाले.

२८ मे, शनि.

पहाटेपासून पास्कलकडे, तांदूळ निवडणं, नारळ खवणं. लग्नघर आमच्या मागे दोन घरं सोडून. निघताना जो.ला विचारलं, येशील ना? "बघतो" म्हणाला.

आता लुगडं बदलायला घरी आले. पलंग रिकामा. भिंतीकडे बघितलं, दोन बेचकी भरलेली, मधलं रिकामं.

पहिल्यांदा वाटलं, दिली. कोणीतरी आलं आणि देऊन टाकली. मग वाटलं, क्लॅरिनेट. वाकून बघितलं, पेटी आहे. उघडून बघितली, क्लॅरिनेट आत आहे, तसंच, सुटं करून ठेवलेलं. जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, उशी कुठाय? पलंगावर नाही, पलंगाखाली नाही. उशीही नेलीय.

सासू ओटीवर बसलेली, नवं लुगडं, नथ, सगळी तयारी. म्हणाली, मागच्या दाराने गेला, हळूहळू गेला, मी विचारलं नाही. डोळे पुसत होती, धूर लागला म्हणे. चूल विझलेली.

लुगडं नेसून झालं. या चार ओळी लिहितेय त्या खरं म्हणजे गिटारीला कान द्यायला. अजून नुसता पास्कलचा ड्रम ऐकू येतोय. आय हाका मारतेय. जाते.