तुझ्या नावानं आंघोळ

बाबा, तुमचं ते वाक्य परवा माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. साथीमुळे मार्चपासून लेक आणि मी उइटहॉर्नच्या या दोन खोल्यांत कोंडलेल्या आहोत. तिचं कॉलेज एका बंद दाराआड, माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, आणि दिवसभर दोघींची आदळआपट. बाहेर जावं तर सगळंच बंद. अशात तिने जाहीर केलं की शिक्षण सोडून ती रॉटरडॅमला बेकरीत काम करणार, मैत्रिणींबरोबर राहणार. तिची भरलेली बॅग दिसली आणि मी कणीक मळता मळता ओरडले, "गेलीस तर तुझ्या नावानं आंघोळ करीन!"

तुम्ही तर खरोखरच केली होतीत. परजातीतल्या मुलाशी लग्न करणार, एवढंच मी सांगितलं होतं. दुपारचे चार वाजलेत, आई चहा गाळतेय, आणि न्हाणीघरात तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज येतोय. तुम्ही डोक्यावरून निथळत बाहेर येता. "झाली तुझ्या नावानं आंघोळ," म्हणता, आणि लगेच शिंकता. टॉवेल माझ्या हाताशी होता. मी दिला नाही. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा आई फोनवर म्हणाली, "डोक्यावरून पाणी घे गं." मी हट्टाने घेतलं नाही. पुढे तो संसारही टिकला नाही. तुम्ही असतात तर "सांगितलं होतं" म्हणायची संधी सोडली नसतीत.

लेकीला मराठी समजतं, पण वाक्प्रचार म्हणजे आनंदच. ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझ्या नावानं? व्हाय? सकाळीच शॉवर घेतलास ना?" मी पुन्हा कणकेकडे वळले. "ओके, मग नीट कर. एक तारखेला तळ्यावर चल."

नववर्षाच्या दिवशी गार तळ्यात सगळ्यांनी मिळून बुडी मारायची इथली प्रथा यंदा रद्द होती, तरी लोक आलेच होते. काठावर दोघं-दोघं, मधे अंतर राखून. एका डच आजोबांनी लांबूनच आकडे मोजले आणि आम्ही सगळे एकदम पाण्यात शिरलो. माझी छाती आवळली गेली. घरात नऊ महिने हेच होत होतं, इथे निदान ओरडायची मुभा होती. लेकीने बुडी मारली, वर आली आणि दात वाजवत, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडली, "आई, तुझ्या नावानं आंघोळ!" किती खूश होती! मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. मी आधी बाहेर आले आणि टॉवेल उघडून उभी राहिले.

पंधरा तारखेला ती जाणार. तो टॉवेल मीच तिच्या बॅगेत घातलाय. वाक्याचा अर्थ मात्र सांगितलेला नाही.

हे पत्र टेबलाच्या खणात राहील, दुसरीकडे कुठे जाणार? एक सांगायचं राहिलं. पाण्यात डोकं घालताना तुमचं नाव ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. तुमच्या नावानं आंघोळ मी अजून केलेली नाही, बाबा.