पुढचं घर, मागचं घर

ओक पार्क, शिकागोजवळ
शुक्रवार, २ मे २०२५
वैशाख शुद्ध पंचमी

सौ. पद्मिनीताईंना,

आत्ताच देवपूजा आटोपली. देवाला जोडलेले हात तसेच तुमच्याकडे वळवून लिहायला बसले आहे. भाऊसाहेबांनाही माझा नमस्कार सांगावा.

राजेशबरोबर पाठवलेलं पत्र आणि गोडा मसाला दोन्ही पोचलं. माझ्या सुशांतच्या ऑफिसातला हा मुलगा भला आहे, पण बॅगेतल्या सगळ्या शर्टांना मसाल्याचा वास लागला म्हणून कुरकुरत होता. मी म्हटलं, "बाबा, सोमवारी ऑफिसात मिरव, लोक विचारतील कुठलं अत्तर."

तुम्ही विचारलंत, हे कोच हाऊस म्हणजे काय, आणि चार माणसांना दोन घरं कशाला? पहिल्याचं उत्तर देते. मलाही ते महिनाभर कळत नव्हतं. मी सगळ्यांना आउटहाऊस घेतोय असं सांगत सुटले होते. शेवटी एजंट मुलगी नीना तोंडावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, इथे आउटहाऊस म्हणजे अंगणातला संडास." महाराष्ट्र मंडळातल्या किती जणींना सांगून झालं होतं, काय बोलू!

पूर्वी इथल्या पैसेवाल्यांच्या घोडागाड्या असत. रस्त्याकडे तोंड करून मालकाचं घर, त्यामागे परस, आणि परसाच्या टोकाला मागच्या गल्लीवर उघडणारा गाडीखाना. खाली घोडे आणि गाडी, वरच्या खोल्यांत गाडीवान. घोडे गेले, मोटारी आल्या, वरच्या खोल्यांत भाडेकरू आले. आम्ही पाहिलेल्यात खाली गॅरेज आहे, वर दोन खोल्या, छोटंसं स्वयंपाकघर आणि चिंचोळा जिना. गॅरेजच्या भिंतीत लगाम अडकवायच्या लोखंडी खुंट्या अजून आहेत. पुढचं घर लाल विटांचं, ऐसपैस.

मी नीनाला विचारलं, "आपल्याला मागचंच परवडतंय, तेवढंच घेता येईल का?"

"No, no, मावशी. Lot एकच आहे. पुढचं विकत घेतलं की मागचं येतं, मागचं सोडलं की पुढचं पण जातं."

"म्हणजे सातबारा एकच."

"सात-what?"

तिचे आईवडील ठाण्याचे, पण तिचा जन्म इथलाच. तिला मी सातबारा समजावला आणि तिनं मला हे घर समजावलं. मागच्या भागात माणसांनी राहायची परवानगी गावाच्या दफ्तरी आहे का, ते आधी बघायचं. पुष्कळ ठिकाणी लोक राहतात, पण कागदावर ते नुसतं गॅरेज असतं. पाण्याचा नळ पुढच्या घरातून अंगणाखालून मागे जातो, तो खोल पुरलेला नसेल तर थंडीत गोठतो. विजेचं मीटर वेगळं, पाण्याचं मात्र एकच. मी हिशेब लिहिणारी बाई, सहज विचारलं, "मग पाण्याचं बिल कोणाच्या नावावर?" सुशांतनं रेणूकडे पाहिलं, रेणूनं छताकडे. नीना म्हणाली, "तुम्ही एकच फॅमिली ना, whoever." असो.

तुमचा दुसरा प्रश्न. मागे मी राहीन. सुशांतला रात्रीबेरात्री पुण्याच्या ऑफिसशी बोलावं लागतं, त्याचंही टेबल तिकडेच असेल. म्हणून दोन घरं.

लिंबाचं लोणचं या वेळी फार छान मुरलंय. इथली लिंबं जाड सालीची, पण मेक्सिकन दुकानातली बारकी घेतली तर आपल्यासारखी लागतात.

घराच्या कागदांवर सह्या १३ जूनला आहेत. वास्तुशांतीसाठी तुम्ही काढलेला मुहूर्त त्यानंतरच्या गुरुवारचा, त्या दिवशी इथे सुट्टीही आहे. पण ताई, तुमचे गुडघे, एवढा प्रवास. आत्ता साधी गणेशपूजा उरकून घेऊ का? वास्तुशांत पुढे सवडीनं करू. मुलांना जोडीनं तीन-चार तास बसायचं म्हणजे त्यांच्या कामांचंही बघावं लागतं. तुम्ही विचार करून कळवा.

तुमची रेणू कामावर आहे, नमस्कार सांगते. आपली नात आन्या मजेत.

आपली विहीण,
कुमुदिनी पेंढारकर


ओक पार्क
मंगळवार, २० मे

पद्मिनीताई,

ज्ञानदा नावाची आमच्या मंडळातली मुलगी भावाच्या लग्नासाठी नाशिकला येते आहे. हे पत्र तुमच्याच हातात द्यायला तिला बजावलंय. तुमच्याकडे फोन सगळ्यांत मिळून स्पीकरवर असतो, आणि माझ्या तोंडून फोनवर हे निघालंही नसतं. आधी बसून घ्या.

रेणू आणि सुशांत आता नवराबायको नाहीत. डिसेंबरात कोर्टातून कागद झाला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या घरात राहते. मी आणि सुशांत इथे. तुम्ही फोन केलात की मी सांगायचे, रेणू आंघोळीला गेलीय, रेणू खाली कपडे धुवायला गेलीय. मग तिला निरोप द्यायचे आणि ती तिकडून तुम्हाला फोन करायची. सहा महिने मी तुमच्याशी असं वागले.

कोणी कोणाला मारलं नाही, तिसरं माणूस नाही. सुशांत महिना महिना बोलत नसे. ताटावर बसायचा, उठायचा. रेणू त्या न बोलण्यात वाळत गेली. माझ्या मुलावर मी पांघरूण घालत नाही. पण ताई, दोन वर्षांपूर्वी ती तुमच्याकडे आली होती ती हेच सांगायला. तुम्ही म्हणालात, "बोलत नाही ना, मारत तर नाही ना?" आणि तिकीट अलीकडचं करून तिला परत धाडलंत. मीही माझ्या लेकीला तेच म्हटलं असतं, म्हणून हे दोष द्यायला लिहीत नाही. त्यानंतर तिनं तुम्हाला काही का सांगितलं नाही, ते कळावं म्हणून लिहिते.

हे घर रेणूनं शोधलं. आन्या अर्धा आठवडा तिच्याकडे, अर्धा आमच्याकडे. पाठीवर बॅग. एकदा गणिताची वही तिकडे राहिली, एकदा थंडीचे बूट, आणि पोर शाळेच्या दारात रडली. पुढच्या घरात रेणू आणि आन्या, मागच्यात सुशांत आणि मी, मधे अंगण. दोघांनी तिला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "So no bag?" तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मी एवढ्यात हे लिहिलं नसतं. पण तुम्ही तिकीट काढलंत, शालू घेतलात, आणि शनिवारी इथल्या गुरुजींचा फोन आला. आठवडाभर ते बँकेच्या कॉम्प्युटरवर काम करतात, सुट्टीच्या दिवशी पूजा सांगतात. रेणू आन्याला सोडायला आली होती. फोन टेबलावर ठेवून आम्ही तिघं ऐकत होतो.

"यजमान आणि यजमानीणबाई, दोघांची नावं, गोत्र सांगा. जोडीनंच बसणार ना?"

"हो, हो, दोघं," सुशांत म्हणाला.

मी फोन बंद केला.

"आई! कट काय केलास?"

"संकल्पात ते धर्मपत्नीसह म्हणतील. देवासमोर."

"म्हणू देत ना. संस्कृत कोणाला कळतंय?"

"ज्याला सांगायचं त्याला कळतं."

रेणू इतका वेळ उभीच होती. ती म्हणाली, "आई, तीन तास. शालू नेसते, बसते, माझ्या आईला फोटो मिळतो, ती खूश होऊन परत जाते. सोळा-सोळा सोमवार उपाशी राहता तुम्ही. माझ्यासाठी तीन तास जमणार नाहीत?"

"उपासात मी देवाला फसवत नाही गं."

"हो का? आणि माझ्या आईला? ती चालते फसवलेली?"

मी ओट्याकडे वळले आणि उगीच पुसलेलाच ओटा पुसत राहिले. मग म्हटलं, "नाही चालत. म्हणून मी त्यांना लिहिणार."

सुशांत खुर्ची सरकवून उठला. "लिही. मग त्या हिला घर सोड म्हणतील, आणि तू बस तुझ्या सोवळ्यात."

रेणू ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "माझी आई नक्की म्हणेल, सोडलेल्या माणसाच्या अंगणात राहायला लाज नाही वाटत? आणि मला तिला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला माहितीये ते." चावी उचलून निघून गेली. तेव्हापासून ती मला फोन करत नाही. आन्याला न्यायला आली तीही दारातच थांबली.

गुरुजींना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काकू, दोन पाट मांडू. दोन घरं, दोन संकल्प. खरं बोलून पूजा करू, उपरण्याला शालूची गाठ मारायची नाही." माझ्या जिवाला तेवढा आधार आहे, बाकी कशाचा नाही.

आता तुमच्यापुढे पदर पसरते. बँकेनं दोघांच्या नावावर कर्ज मंजूर केलंय. रेणूची सही नसेल तर पुढचं घर नाही आणि मागचंही नाही. मी आधीच्या पत्रात लिहिलं होतं ना, यातलं अर्धं घेता येत नाही. आन्या पुन्हा बॅग घेऊन फिरणार. तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. मला शिव्या द्या, सुशांतला द्या. रेणूला दोन दिवस फोन करू नका वाटलं तर, पण करून घर सोड म्हणू नका. एवढंच मागते.

कुमुदिनी


ओक पार्क
शुक्रवार, २० जून

पद्मिनीताई,

पत्र मिळाल्याचं ज्ञानदाकडून कळलं. तुम्ही उभ्या उभ्याच वाचलंत आणि तिला चहा दिलात, असं म्हणाली. मग तिकीट रद्द केल्याचं रेणूकडून सुशांतला कळलं. त्यापुढे तीन आठवडे काहीच नाही. रेणू सही करणार की नाही, तेही नाही. विचारायची सोय नव्हती.

तेरा तारखेला सह्यांच्या ऑफिसात आम्ही आधी पोचलो. आन्या माझ्या मांडीला टेकून बसली होती. रेणू आली, नमस्कार नाही, काही नाही, समोरच्या खुर्चीत बसली. वकीलबाई एकेक कागद सरकवत होत्या. सुशांतच्या सह्या झाल्या. गठ्ठा रेणूपुढे आला आणि तिचा फोन वाजला. पडद्यावर 'आई' लिहिलेलं मी इकडून वाचलं. तुमच्याकडे तेव्हा रात्र असेल. ती उठून बाहेर गेली.

काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती. ती बोलत नव्हती, नुसती ऐकत होती. नीना उगाच पाणी आणते म्हणून उठली. सुशांतनं माझ्याकडे पाहिलं, आणि या दोन वर्षांत पहिल्यांदा तो मला घाबरलेला दिसला. मी मनात जप करायला घेतला, पण दोन नावांच्या पुढे जाता येईना.

रेणू आत आली तेव्हा डोळे लाल होते. बसली आणि म्हणाली, "पेन द्या." शेवटच्या कागदापर्यंत कोणाकडे पाहिलं नाही.

तुम्ही काय बोललात ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. काल पूजा झाल्यावर, भांडी आवरताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई म्हणाली, सही कर. आणि म्हणाली, त्या बाईंना सांग, मला फोन करू नका. सहा महिने रोज माझ्याशी गोड बोलत होत्या."

बरोबर आहे तुमचं. मी फोन करणार नाही. एवढं कळवायचं म्हणून लिहिते, आणि हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही म्हणून.

पूजा नीट झाली. दोन पाट होते, मधे आन्या बसली होती. गुरुजींनी रेणूला गोत्र विचारलं. सुशांत सांगणार तेवढ्यात तिनं तुमच्या घरचं गोत्र सांगितलं, स्पष्ट. गुरुजींनी तेच उच्चारलं. देव मी पुढच्या घरात पूर्वेच्या कोपऱ्यात बसवले आहेत, कारण आन्या तिथे झोपते. पूजेला मी रोज अंगण ओलांडून जाईन, रेणू नको म्हणेल त्या दिवशी दारातून हात जोडीन.

तिच्या घरात मी न विचारता शिरणार नाही. डबा हवा असला तर देईन, मूल सांभाळायचं असलं तर सांभाळीन, आजारी पडली तर उशाशी बसेन. सून म्हणून तिच्यावर माझा आता काही हक्क नाही, आणि तुमच्यावर विहीण म्हणून नाही. उत्तराची वाट बघत नाही.

आपल्या रेणूची मागच्या घरातली शेजारीण,
कुमुदिनी