सुईनंतरचा अर्धा तास

मॅडम,

पुंडलिकनगरात आज आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. पिंप भरताना हात कोपरापर्यंत भिजले आणि तुम्ही आठवलात. एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या दुष्काळात मी सुटीवर गावी आले होते. फुलंब्रीहून एसटीनं तुमच्याकडे आले तर निवृत्त झालेल्या तुम्ही स्वयंपाकघरात तांब्याभर पाण्यात कोपरापर्यंत हात धूत होता, वॉर्डात धुवायचात तसे. हे शहर तेव्हा तुमच्या घरापाशी संपायचं.

त्याआधीच्या, लढाईच्या हिवाळ्यातली ती सकाळ. सीमेजवळच्या लष्करी इस्पितळात तुम्ही आमच्या मेट्रन. शेवटच्या खाटेवर शत्रूचा जखमी कैदी, दोन्ही पाय भाजलेले. नियम साधा होता. दुखणं मारायची सुई द्यायची, अर्धा तास थांबायचं, मगच पट्टी सोडायची. माझा धाकटा भाऊ आघाडीवर होता आणि तीन आठवडे त्याचं पत्र नव्हतं. मी सुई दिली, कागदावर वेळ लिहिली आणि लगेच पट्टीला हात घातला. तो म्हणतो, "बाजी, जरा ठहर जाइये. असर होने दीजिये." बाकीच्या सिस्टर केरळच्या, त्यांना ते कळलं नसेल. मला कळलं, 'बाजी' म्हणजे ताई हेही. आमच्या गल्लीत निम्मं बोलणं असंच उर्दूत चालायचं. मी थांबले नाही. तो ओरडला नाही, खाटेची लोखंडी कड घट्ट धरून राहिला.

तेवढ्यात तुम्ही मागून येता. माझ्या हातातला चिमटा काढून घेता, जखम झाकता आणि त्याला सांगता, "माफ करना भाई, आधा घंटा रुकेंगे." तो अर्धा तास तुम्ही त्याच्याजवळ स्टुलावर बसलात, मी उभी. नंतर व्हरांड्यात म्हणालात, "कागदावर तुझं सगळं बरोबर हाय. म्हणूनच विचारते, काय झालं?"

"घाईत घड्याळ बघायचं राहिलं, मॅडम."

"आपल्याकडची पोरगी तू. त्याचं बोलणं समजलं नाय व्हय?"

"लक्ष नव्हतं."

तुम्ही म्हणालात, "इथं तो कुणाचा शिपाई नाय, तुझा पेशंट हाय. चिडायचं तर ड्युटी संपल्यावर आपल्या खोलीत जाऊन चीड. लई चीड." वर कळवलं नाहीत. त्याचं ड्रेसिंग मात्र तो जाईपर्यंत मलाच दिलंत. भावाचं पत्र पुढच्याच आठवड्यात आलं. टपाल अडकलं होतं, एवढंच.

दुष्काळातल्या त्या भेटीत मी निघताना तुम्ही तुमचं घड्याळ माझ्या हातात ठेवलंत, युनिफॉर्मवर उलटं लावायचात ते. "घे. तुझं बघायचं राहतं ना." मी नुसती हसले. पुढची सगळी नोकरी ते छातीवर लावलं. नव्या मुलींना अर्धा तास त्यावरच मोजायला शिकवला, आणि त्या मला शिस्तीची समजत राहिल्या.

तुमच्या घराच्या जागी आता दुकानं झाली आहेत. हे पत्र टाकायला पत्ताही उरला नाही. पण मॅडम, घड्याळ बघायचं राहिलं नव्हतं. सुई नऊ वाजून दहा मिनिटांनी दिली. पट्टीला हात घातला तेव्हा नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. मी बघूनच घातला.